हमीपत्र ते हरकत: प्रश्नमंजूषेचे प्रश्न काढण्याचा अनुभव

आमच्या संस्थेच्या वार्षिक प्रश्नमंजूषेचे प्रश्न यंदा मी काढले. स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी झाली आणि काम माझ्याकडे आलं होतं जुलैमध्ये. मधले चार महिने नेमके कशात गेले ते क्रमाने लिहिते आहे, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याच्या गळ्यात हे काम पडेल त्याची निदान चाचपडण्यातून सुटका होईल. तयार प्रश्नांचे ढीग हवे तेवढे मिळतात, पण प्रश्न बांधायचा कसा हे सांगणारं मला फारसं काही सापडलं नव्हतं.

जुलैमध्ये समन्वयकांना भेटले तेव्हा त्यांनी विषयांबद्दल चकार शब्द न काढता आधी एक हमीपत्र पुढे सरकवलं. प्रश्न कुणाला दाखवणार नाही, स्पर्धकांमध्ये जवळचं नातेवाईक असेल तर आधी कळवीन, आणि कुठल्याही तयार प्रश्नसंचातून प्रश्न जसाच्या तसा उचलणार नाही, अशी तीन कलमं. पहिली दोन समजण्यासारखी होती. तिसऱ्या कलमाचं वजन मला नंतर कळलं. मुरलेले स्पर्धक ते प्रश्नसंच कोळून प्यायलेले असतात. तिथला प्रश्न आला की पहिल्या तीन शब्दांतच बझर वाजतो आणि बाकीचे संघ एकमेकांकडे बघत राहतात.

हमीपत्रासोबत एक कोरा तक्ता मिळाला. क्रमांक, फेरी, विषय, प्रश्न, उत्तर, ग्राह्य पर्यायी उत्तरं, पहिला स्रोत, दुसरा स्रोत, पडताळणीची तारीख आणि काठिण्य (१ ते ५) असे रकाने. एकूण ६ फेऱ्या, प्रत्येकी १० प्रश्न, शिवाय १० राखीव आणि ३ टायब्रेकर, म्हणजे बरोबरी झाली तर निकाल लावणारे प्रश्न. हा तक्ता पाहून मला जरा हसूच आलं होतं. एका ओळीच्या प्रश्नाला दहा रकाने! पण एक सांगते, तो पहिल्या दिवसापासून भरा. ‘स्रोत नंतर टाकू’ म्हणून पुढे गेलात, की महिन्याभराने ती माहिती कुठे वाचली होती ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. आणि राखीव प्रश्नांत उरलंसुरलं भरू नका. ते बाहेर निघतात तेव्हा एखादा प्रश्न रद्द झालेला असतो आणि सभागृह आधीच तापलेलं असतं. तिथे तुमचे चांगलेच प्रश्न हवेत.

ऑगस्ट माहिती गोळा करण्यात गेला. विषयांच्या याद्या करून काही हाती लागेना, कारण यादी करायला बसलं की राजधान्या, चलनं आणि शोधांची सालंच सुचतात. शेवटी मी एक साधी चाचणी लावली. वाचलेली गोष्ट घरी जाऊन कुणाला तरी सांगावीशी वाटते का? वाटली तर वहीत, नाहीतर सोडून द्यायची. व्हॉयेजर-१ हे यान अवकाशात गेलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि व्हॉयेजर-२ त्याच्या १६ दिवस आधीच, २० ऑगस्टला निघालं होतं. क्रमांक उलटे का, तर व्हॉयेजर-१ चा मार्ग जवळचा होता आणि गुरूपाशी तेच आधी पोहोचणार होतं. ही सांगावीशी वाटणारी गोष्ट. उलट एखाद्या कराराचं साल ज्याला पाठ आहे त्यालाच येतं. ज्याला येत नाही त्याच्यापुढे डोकं चालवायला काहीच नसतं. साल विचारणारे जवळपास सगळे प्रश्न मी त्याच महिन्यात काढून टाकले.

व्हॉयेजरचा प्रश्न मात्र ‘दोन्हींपैकी आधी कोणतं निघालं?’ असा विचारता येत नव्हता, कारण मग तो नाणेफेकीचा प्रश्न होतो. म्हणून तो असा झाला: ‘५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर-१ अवकाशात झेपावलं. याच मोहिमेतलं दुसरं यान त्याआधीच १६ दिवस निघालं होतं. त्या यानाचं नाव काय?’ उत्तर समोर ठेवलेलं आहे, पण ते इतकं सरळ कसं असेल, म्हणून संघ बिचकतात. असे एक-दोन प्रश्न असावेत. जास्त झाले तर लोक वैतागतात.

ऑगस्टअखेर पहिला हप्ता पाठवला आणि वाट पाहणं सुरू झालं. दोन तपासनीस होते. एक निवृत्त शिक्षिका, दुसरे वर्षानुवर्षं स्पर्धांत उतरलेले गृहस्थ. त्यांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र शेरे द्यायचे असा नियम. सप्टेंबर निम्मा सरला तरी काही कळेना. मी फोन केला तर समन्वयक म्हणाले, “ताई, घाई करू नका. ते प्रत्येक प्रश्न आधी सोडवून बघतात, मग तपासतात.” शेरे आले तेव्हा तक्त्यात माझ्या मजकुरापेक्षा त्यांचाच मजकूर जास्त होता. थोडं लागलं मनाला. पण या सगळ्या प्रकरणात मी जे काही शिकले ते त्या शेऱ्यांतूनच, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा होता ‘उत्तर एकच आहे का?’. ‘दोन नोबेल पारितोषिकं कुणाला मिळाली?’ हा प्रश्न ऐकला की मेरी क्युरी आठवतात. पण दोनदा नोबेल मिळालेल्या व्यक्ती पाच आहेत. क्युरींना भौतिकशास्त्राचं १९०३ मध्ये आणि रसायनशास्त्राचं १९११ मध्ये. लायनस पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं १९५४ चं आणि शांततेचं १९६२ चं. जॉन बार्डीन यांना दोन्ही भौतिकशास्त्राची, फ्रेडरिक सँगर आणि बॅरी शार्पलेस यांना दोन्ही रसायनशास्त्राची. संस्था धरल्या तर रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती तीन पारितोषिकं घेऊन बसली आहे. ‘दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत’ एवढे शब्द घातले, की क्युरी एकट्या उरतात.

तसंच ‘जगातला सर्वांत उंच पर्वत’. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. समुद्राच्या तळापासून माथ्यापर्यंत मोजलं तर हवाईतला मौना केआ त्याला मागे टाकतो, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेलं टोक इक्वाडोरमधल्या चिंबोराझोचं. ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द म्हणजे पाल्हाळ नाही, ती प्रश्नाची कुंपणभिंत आहे.

सर्वांत लांब नदीवरून मात्र आमची चांगलीच जुंपली. नाईल की ॲमेझॉन, हा मोजणीचा वाद आहे. उगम कुठे धरायचा आणि मुखाशी कुठे थांबायचं यावर उत्तर बदलतं. माझं म्हणणं होतं की ‘सर्वसाधारणपणे सर्वांत लांब मानली जाणारी’ असं लिहून भागवू. शिक्षिकाबाई ठाम होत्या. त्यांचा शेरा अजून पाठ आहे: “‘सर्वसाधारणपणे’ लिहावं लागतं तो प्रश्न सोडून द्यावा.” मला तो तेव्हा कडक वाटला होता, आजही थोडा वाटतो. पण पाण्याच्या विसर्गानुसार सर्वांत मोठी नदी विचारली तर ॲमेझॉन निर्विवाद आहे, आणि प्रश्नही जास्त रंजक होतो. तोच घेतला.

दुसरे शेरे भाषेचे होते, आणि ते कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शनात सापडणारे नव्हते. आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. ‘दोन विज्ञानशाखांत नोबेल मिळवणारी शास्त्रज्ञ कोण?’ असं लिहिलं की ‘मिळवणारी’पाशीच उत्तर फुटतं. त्यावर उपाय म्हणजे ‘कोणत्या शास्त्रज्ञांना… मिळालं?’ अशी आदरार्थी रचना. पर्यायांतही हीच गंमत. प्रश्नात ‘कोणती’ आहे आणि चार पर्यायांत स्त्रीलिंगी एकच, तर भूगोल न येणाराही गुण घेऊन जातो.

दुसरं म्हणजे आपला ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो. ‘पुढीलपैकी कोणत्या देशाला समुद्रकिनारा आहे’ इथपर्यंत ऐकून संघ बझर दाबतो आणि मग सूत्रसंचालक ‘…असं म्हणता येत नाही’ म्हणतात. ओरडा होणारच. ‘पुढीलपैकी कोणता देश सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे?’ असं होकारार्थी विचारलं आणि पेरू, चिली, बोलिव्हिया, इक्वाडोर असे पर्याय दिले, की बोलिव्हिया स्वच्छ मिळतो. नकार टाळणं अगदीच अशक्य असेल तर तो निदान वाक्याच्या सुरुवातीला दिसेल असं बघावं. कागदावर ठळक अक्षरांत छापता येतं, तोंडी फेरीत तेवढीही सोय नाही.

ध्वजाचा प्रश्न मला याच टप्प्यावर फार आवडला. ‘कोणत्या देशाचा ध्वज आयताकृती नाही?’ यात तीन भानगडी आहेत. स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकन यांचे ध्वज चौरस आहेत. चौरस हा आयतच, हे गणित जाणणारा म्हणेल आणि न जाणणारा भांडेल. अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा ध्वज शेपटीसारखा कापलेला आहे, म्हणजे ‘सार्वभौम देश’ म्हणायला हवं. आणि वाक्य पुन्हा ‘नाही’वर संपतं. शेवटी ‘एकावर एक दोन त्रिकोण रचल्यासारखा राष्ट्रध्वज कोणत्या सार्वभौम देशाचा आहे?’ असा झाला. उत्तर नेपाळ. काठिण्य ४ वरून १ वर आलं, पण पहिल्या फेरीला असे प्रश्न लागतातच.

‘ग्राह्य पर्यायी उत्तरं’ हा रकाना मी आधी रिकामा सोडत होते, कारण तो कशाला आहे हेच कळलं नव्हतं. त्यात दोन गोष्टी लिहायच्या. एक, काय काय चालेल: आडनाव पुरेसं आहे का, उच्चार कितपत वेगळा चालेल, जुनं नाव चालेल का. दोन, कुठे ‘अधिक स्पष्ट करा’ म्हणायचं. ‘रुझवेल्ट’ एवढंच उत्तर आलं तर थिओडोर की फ्रँकलिन हे विचारावं लागतं, दोघेही अमेरिकेचे अध्यक्ष होते. ‘क्युरी’चं तसंच, मेरी, पिएर, आणि १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्यांच्या कन्या आयरीन. हे आधी लिहून ठेवलं नाही तर सूत्रसंचालकाला ऐनवेळी स्वतःच्या मनाने निर्णय द्यावा लागतो आणि मग पक्षपाताचे आरोप सुरू होतात.

पडताळणीच्या तारखेचा रकाना तर सोन्याचा निघाला. शनीचे उपग्रह किती, हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो आणि उत्तर बदलत राहतं. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ वर गेला. कझाकस्तानच्या राजधानीचं अस्ताना हे नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. असे प्रश्न नासके असतात. शक्य तिथे मी ते न नासणाऱ्या गोष्टीकडे वळवले. शनीचा सर्वांत मोठा उपग्रह टायटन, हे उद्या आणखी शंभर उपग्रह सापडले तरी टिकेल. जिथे वळवता आले नाहीत तिथे प्रश्नातच ‘मार्च २०२५ अखेर’ असं लिहिलं.

स्रोतांबद्दल तपासनीसांचा आग्रह होता की दोन स्रोत खरोखर स्वतंत्र हवेत. दोन संकेतस्थळांवर एकच वाक्य शब्दशः दिसलं तर तो एकच स्रोत. याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण त्यांनीच सांगितलं. फ्रेड वर्थ यांनी आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती: दूरचित्रवाणी मालिकेतल्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव ‘फिलिप’. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या खेळात तेच उत्तर छापलेलं सापडलं आणि १९८४ मध्ये वर्थ यांनी खटला भरला. खटला ते हरले, पण माहिती कुठून घेतली हे उघड व्हायचं ते झालंच. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हेही असंच एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलेलं. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून परत आले आणि आपल्याला भिंत दिसली नाही असं त्यांनी सांगितलं. चंद्र तर त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. या दंतकथेवरचा प्रश्न तयार प्रश्नसंचांत मी अजूनही पाहिला आहे.

पर्यायांबद्दल थोडक्यात. सगळे पर्याय एका जातीचे आणि साधारण एका लांबीचे हवेत. आकडे असतील तर चढत्या क्रमाने. ‘वरीलपैकी सर्व’ नको. चार पर्याय हवेतच असा हट्ट नको, कारण चौथा बहुधा भरतीचा असतो आणि तो कुणीच निवडत नाही. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ८० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही तीन पर्याय पुरेत असाच आहे. आमच्याकडे चारचा रिवाज होता. तो मोडायला समन्वयक तयार झाले नाहीत. असो.

पाचवी फेरी सूचक माहितीची होती. एकच उत्तर, चार सूचना, अवघडाकडून सोप्याकडे. जितकं लवकर ओळखाल तितके जास्त गुण. ही बांधायला सर्वांत वेळखाऊ आणि मला सर्वांत आवडलेली. टायटनचीच सांगते. पहिली सूचना: जानेवारी २००५ मध्ये एक यान छत्रीच्या आधाराने माझ्यावर उतरलं. दुसरी: माझ्या पृष्ठभागावर मिथेन आणि इथेनची सरोवरं आहेत. तिसरी: १६५५ मध्ये क्रिस्तियान हायगन्स यांनी मला शोधलं. चौथी: मी शनीचा सर्वांत मोठा उपग्रह. नियम असा, की पहिली सूचनासुद्धा एकट्या टायटनलाच लागू पडली पाहिजे. नाहीतर हुशार संघ तिच्यावरच दुसरं बरोबर उत्तर देतो आणि गुण मात्र मिळत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये दुसरा हप्ता, मग पूर्ववाचन. स्पर्धेशी संबंध नसलेल्या, हमीपत्रावर सही केलेल्या चौघांपुढे प्रश्न मोठ्याने वाचायचे, तेही एकदाच. हे टाळू नका. कागदावर देखणा वाटणारा प्रश्न तोंडातून बाहेर पडला की दम लागतो. ज्या प्रश्नाला “पुन्हा वाचा ना” अशी मागणी आली तो मी दोन वाक्यांत तोडला. आधी माहिती, मग छोटा प्रश्न. काठिण्याचे माझे आकडे तर बऱ्याच ठिकाणी उलटेपालटे झाले. महिनाभर एखादी गोष्ट डोक्यात घोळवली की ती सगळ्यांना माहीतच असणार असं वाटायला लागतं. त्या वेळी चौघांपैकी किती जणांना उत्तर आलं, एवढाच निकष मी धरला.

टायब्रेकर आकड्याचे ठेवले, सर्वांत जवळचं उत्तर जिंकेल असे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाने किती फूट अंतर कापलं? १२०. हा आकडा फार थोड्यांना पाठ असतो आणि अंदाज मात्र सगळ्यांना करता येतो.

खर्च म्हणाल तर पैशांचा काहीच नाही. वेळेचा हिशोब मात्र आधी मनाशी करा: शोध, दोन स्रोत, लेखन, दुरुस्ती धरून एका प्रश्नाला अर्धा तास सहज जातो, आणि लिहिलेल्यांपैकी बरेच गळतात. म्हणून हव्या असतील त्याच्या दीडपट लिहा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंतिम प्रत दिली. फेरीनिहाय वेगळी पाकिटं, प्रत्येकावर दोघांच्या सह्या, आणि सूत्रसंचालकासाठी परदेशी नावांच्या उच्चारांचं एक वेगळं पान. हे पान कुणी मागितलं नव्हतं. तरी द्या. शिवाय आदल्या दिवशी एकदा त्यांच्यासोबत बसून सगळे प्रश्न वाचून घ्या, कारण स्वल्पविराम कुठे घ्यायचा हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना नाही.

स्पर्धेच्या दिवशी प्रश्न काढणाऱ्याने पंचांच्या टेबलामागे बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा दंडक होता. हरकत लेखी, आणि फेरी संपायच्या आत. दोन आल्या. एका संघाने नोबेलच्या प्रश्नाला पॉलिंग म्हटलं होतं. पंचांनी प्रश्न पुन्हा वाचून ‘विज्ञानशाखांत’ या शब्दावर बोट ठेवलं, शांततेचं पारितोषिक त्यात बसत नाही म्हणाले, आणि संघाने लगेच मान्य केलं. दुसरी हरकत, ज्या प्रश्नाचं उत्तर हायगन्स होतं त्यात या नावाच्या उच्चाराची. दुसऱ्या टेबलावरच्या संघाचं म्हणणं होतं की ‘ह्युजेन्स’ हे चुकीचं उत्तर धरा. तो उच्चार ग्राह्य रकान्यात लिहिलेला होता, त्यामुळे तीही फेटाळली गेली. माझ्या पोटात मात्र दोन्ही वेळा गोळा आला होता.

आता स्पर्धा झाली आहे आणि शेवटचं काम चालू आहे, ते म्हणजे गुणलेखकांच्या कागदांवरून प्रत्येक प्रश्नापुढे किती संघांना उत्तर आलं हे तक्त्यात भरणं. नेपाळचा प्रश्न सगळ्यांना आला. व्हॉयेजरचा अपेक्षेपेक्षा खूप कमी जणांना. एक प्रश्न कुणालाच आला नाही आणि उत्तर सांगितल्यावरही कुणी ‘अरेच्चा’ म्हणालं नाही. तो मी खोडून टाकला आहे. ही भरलेली प्रत डिसेंबरमध्ये समन्वयकांकडे जमा होईल. पुढच्या वर्षी हे काम तुमच्याकडे आलं, तर हमीपत्रावर सही करतानाच ती मागून घ्या.